वाचक विचारतात : नामदार गोखल्यांच्या हाती काय लागले?

प्रश्न : गोपाळ कृष्ण गोखले यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक फेटाळले गेले, असे आम्ही शाळेत शिकलो. मग कायदेमंडळातील इतक्या वर्षांच्या भाषणांतून प्रत्यक्षात निष्पन्न काय झाले? ‘नामदार’ ही त्यांना मिळालेली पदवी होती का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कायदेमंडळाच्या सभासदाच्या नावामागे ‘नामदार’ लावण्याची तेव्हा रीत होती. पुढे गोखल्यांच्या बाबतीत ते नावाचाच भाग होऊन बसले. सरकारने १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब मात्र त्यांनी नाकारला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना ते कायदेमंडळ कसे होते हे आधी ध्यानात घ्यावे लागते. गोखले १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, तेव्हा सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे, पण मत देता येत नसे. हाती मत नसलेल्या माणसाने करायचे काय? गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. २६ मार्च १९०२ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की, खजिन्यातील शिल्लक हे प्रजेच्या भरभराटीचे लक्षण नसून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत असल्याचा तो पुरावा आहे. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सगळे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे बरोबर नाही, पण हा विषय दरवर्षी लावून धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या फर्ग्युसनच्या या प्राध्यापकाने १८९७ मध्ये एकदा पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताच्या तक्रारी पुराव्याविना इंग्लंडात मांडल्या होत्या आणि परतल्यावर जाहीर माफी मागण्याची पाळी त्याच्यावर आली होती. पुढच्या आयुष्यातील काटेकोरपणाचे एक मूळ त्या प्रसंगात असावे, असे मला वाटते.

१९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी होणारी गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला. तो सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली.

आता विधेयकाबद्दल. ते १६ मार्च १९११ रोजी मांडले गेले आणि मसुदा वाचला तर ते किती बेताचे होते हे पाहून आश्चर्य वाटते. सक्ती साऱ्या देशावर नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला ती हवी असेल तिने सरकारची परवानगी घेऊन, तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीपासून शाळेत जात असतील तिथेच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती लागू करायची होती. मुलींचा विचार पुढे व्हायचा होता. मूळ मसुद्यात दरमहा दहा रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या पालकाला फी माफ होती. बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सक्ती सर्वत्र लागू केली होती आणि गोखले तो दाखला देत असत. तरीही सरकारी बहुमतापुढे १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले, म्हणजे विधेयकाची तपासणी करणाऱ्या निवड समितीकडेसुद्धा जाऊ शकले नाही. निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीला अपयशातूनच देशसेवा करावी लागणार, असे त्यांनी त्याच चर्चेत बोलून दाखवले होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. गोखले लहानपणी ज्या कागलला शिकले, त्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि नगरपालिकांना अशी सक्ती लागू करण्याची मुभा देणारा कायदा मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मंजूर करून घेतला.