इराणमधली मंगोलांची इल्खानी सत्ता इतकी बलाढ्य असूनही एकाएकी का कोसळली?

मुख्य कारण वारसाचं. चंगीझखानाचा नातू हुलागूने १२५८ मध्ये बगदाद जिंकलं आणि इराण-इराकवर सत्ता बसवली. दोनच वर्षांनी पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी मंगोलांना हरवलं, पश्चिमेकडची आगेकूच तिथेच थांबली. १२९४ मध्ये हुलागूच्या घराण्यातल्या गैखातू खानाने राजधानी तब्रिझमध्ये कागदी चलन सक्तीचं केलं, तर बाजारच बंद पडले! गाझान खानाने (१२९५–१३०४) इस्लाम स्वीकारला, करपद्धती सावरली. माझ्या मते या घराण्यातला खरा राज्यकर्ता तोच. त्याचा विद्वान वजीर रशीदुद्दीन याला १३१८ मध्ये ठार मारलं, हे फार वाईट झालं. १३३५ मध्ये गादीवरचा खान अबू सईद मुलगा नसताना वारला. मग सरदारांनी आपापल्या मर्जीतले नामधारी खान गादीवर बसवले आणि जलायिरी, चोबानी वगैरे घराण्यांनी मुलूख वाटून घेतला.