ब्रोकोलीला रुपयाएवढाच गड्डा: खत नाही, रोपाचं वय बघा

ताई, अमळनेरला सप्टेंबरमध्ये ट्रेत बी टाकलं, रोपं दोन महिने ट्रेतच राहिली, नोव्हेंबरात कुंडीत लावली आणि आता वीतभर झाडावर रुपयाएवढा गड्डा धरलाय, असं तुम्ही लिहिलंय. खत कमी पडलं का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते दोष खताचा नाही. रोप जून झालं.

ट्रेच्या कप्प्यात मुळांना जागा संपली की झाडाला उपासमार कळते आणि पानं वाढवायची सोडून ते फुलावर येतं. एकदा कळी धरली की पुढे कितीही युरिया टाका, ती मोठी होत नाही. रोप २५ ते ३० दिवसांचं, ४-५ खऱ्या पानांचं असतानाच जमिनीत गेलं पाहिजे. ३५ दिवसांपुढचं रोप नर्सरीवाल्याने फुकट दिलं तरी घेऊ नका.

सप्टेंबरची तारीख तुम्हाला कुठून मिळाली असेल याचा अंदाज आहे. मलाही एका कार्यालयातून असंच छापील पत्रक मिळालं होतं: अख्ख्या महाराष्ट्राला एकच पेरणीचा महिना. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये पारा ३५ च्या आसपास असतो, हे विचारलं तर "आधी माती तपासून आणा" एवढंच उत्तर. त्यात अख्खा हंगाम गेला. माती तपासावी, जरूर तपासावी, पण उन्हाचं उत्तर मातीत कसं सापडणार? गड्डा भरताना १५ ते २० अंश हवेत, आणि ते आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. म्हणून तिथून उलटं मोजा. बी १० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर, लागवड नोव्हेंबरभर. त्याहून उशीर केला तर फेब्रुवारीच्या शेवटी गड्डा सुटा पडून पिवळा होतो. (हे तापीकाठच्या सपाटीचं गणित. तोरणमाळला वेगळं असेल.)

कुंडी १२ इंचांची, एका कुंडीत एकच झाड. वाफ्यात दीड फूट अंतर. आपली काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते. माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू समान घ्या. वरून केळीची वाळलेली पानं अंथरा, जळगाव जिल्ह्यात त्यांना तोटा नाही.

काळ्या चुनखडीच्या मातीत बोरॉन असून झाडाला मिळत नाही, मग दांडा आतून पोकळ, तपकिरी होतो. लिटरला १ ग्रॅम बोरॅक्स विरघळवून लागवडीनंतर तीन आठवड्यांनी एकदा आणि कळी दिसताच दुसऱ्यांदा फवारा. अंदाजे चमचाभर नको, जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. नत्राचा अतिरेक झाला तरी दांडा पोकळ होतो, तेव्हा दोन्ही बघा.

पानाखाली बारीक हिरव्या अळ्या दिसल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळीच. मावा आला तर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा आधी करून बघा.

सध्याच्या झाडांचा तो छोटा गड्डा कापून टाका आणि शेणखत द्या. बगलेतून फुटवे येतीलच असं नाही, पण आले तर भाजीपुरते होतात. जागा लागत असेल तर सरळ उपटा. पाच नोव्हेंबर उलटून गेलाय, म्हणून यंदा पुन्हा बी टाकण्यात अर्थ नाही. उरलेलं बी हवाबंद डब्यात, कोरड्या थंड जागी ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला उगवेल. आणि कोवळी पानं फेकू नका, लसूण-मिरची घालून त्यांची भाजी छान होते.