वाचकांचे प्रश्न : ‘आधीची नोकरी का सोडताय?’

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी ६ वर्षं क्वालिटीला आहे, फायनल इन्स्पेक्शनला. साहेबांशी पटत नाही, आणि गेले काही महिने पगारही २० तारखेच्या पुढे जातोय. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय. ‘का सोडताय?’ विचारलं तर काय सांगू? खरं बोललो तर तक्रारखोर ठरेन, आणि खोटं बोलायला जमत नाही.
– एक वाचक, शिये

उत्तर : खोटं बोलू नकाच. पण सगळंच सांगा असंही कुणी म्हटलेलं नाही. तुमच्या खऱ्या कारणांतलं असं एक निवडा, जे नव्या नोकरीत सुटणार आहे. साहेबांशी पटत नाही, याला कागलवाले काय करणार? तिथंही साहेब असतातच.

कारण कामात शोधा. फायनलला ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) सापडतो तोवर माल ओतून, फेटलिंग (साफसफाई) होऊन आलेला असतो. दोषाचं मूळ बरेचदा साच्याच्या वाळूच्या ओलाव्यात किंवा ओतण्याच्या तापमानात असतं. तेव्हा असं सांगता येईल : ‘६ वर्षांत फायनल इन्स्पेक्शन चांगलं शिकायला मिळालं. आता दोष होण्याआधीच थांबवायचं काम करायचंय, वाळू आणि मेल्टिंगपासून. तुमच्याकडची जागा प्रोसेस क्वालिटीची आहे म्हणून अर्ज केला.’ तीन वाक्यं, अर्धा मिनिट, आणि गप्प बसा.

घोटाळा होतो तो इथंच. समोरचा कागदावर काहीतरी लिहीत असतो, ती शांतता सोसत नाही आणि ‘तसं तिथलं वातावरणही जरा...’ असं तोंडातून निघून जातं. मग उरलेली मुलाखत त्या वातावरणावरच. दुसरं, वरचं उत्तर नुसतं पाठ करून चालणार नाही. ‘वाळूत काय काय तपासाल?’ या पहिल्याच प्रश्नाला ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दाबली जाते), ग्रीन स्ट्रेंथ (ओल्या वाळूची ताकद), परमिएबिलिटी (वाळूतून वायू किती निघून जातो) यांवर बोलता आलं पाहिजे. ‘ग्रोथ नाही’ हे तर सांगूच नका. आमच्या मते ते कारणच नव्हे.

पगाराचा विषय स्वतःहून काढू नका. थेट विचारलं तर मात्र लपवू नका : ‘काही महिने पगाराची तारीख मागंपुढं होतेय, घरचं गणित बसत नाही.’ मालकाबद्दल एकही विशेषण नको. (पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. तोही रखडलाय का, हे पासबुकात बघून ठेवा, पण स्वतःसाठी. मुलाखतीत मोबाईल काढून दाखवत बसू नका.)

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट सांभाळायची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथली माणसं एकमेकांच्या ओळखीची. मुलाखत घेणारा संध्याकाळी तुमच्या साहेबांना फोन लावू शकतो. म्हणून साहेबांसमोर बोलता येईल तेवढंच बोला. रिजेक्शनची टक्केवारी, कस्टमरच्या तक्रारी हे चुकूनही सांगू नका. आज तिकडचं इकडं सांगणारा उद्या इकडचं तिकडं सांगेल, असंच समोरचा धरतो.

‘तिथं पगार वाढवला तर थांबाल?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘नाही, कारण काम तेच राहील’ एवढं पुरे. ‘कधी येऊ शकाल?’ याला ‘लगेच’ म्हणू नका. नोटीस अर्धवट सोडून येणारा माणूस कुणाला नको असतो. नेमणूक पत्रात नोटीस किती दिवसांची ते आधी बघा आणि तेवढे दिवस सांगा. राजीनामा मात्र नवं ऑफर लेटर हातात पडल्यावरच.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मला कामावरून कमी केलं होतं. बायोडाटातून ती नोकरी गाळू का?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : गाळू नका. पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) सगळ्या नोकऱ्यांना एकच असतो, त्यात लागल्याच्या-सोडल्याच्या तारखा दिसतात. ऑर्डर घटल्या म्हणून कमी केलं असेल तर तसं एका वाक्यात सांगा. चूक तुमची असेल तर ती कोणती आणि नंतर कामात काय बदललं, हे दोन वाक्यांत. ‘मीच राजीनामा दिला’ असं ठोकून देऊ नका, जुन्या एचआरला एक फोन केला की ते कळतं. अनुभव पत्रावरची सोडल्याची तारीख पीएफमधल्या तारखेशी जुळते का तेही पाहा. नसेल तर मुलाखतीआधीच जुन्या कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.