‘हर-टू पॉझिटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

कुडाळहून विचारणा आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या माहितीपत्रकात ‘हर-टू पॉझिटिव्ह’ला ‘हर-टू सकारात्मक’ म्हणावं का? आणि ‘अँटिबॉडी-ड्रग कॉन्ज्युगेट’ला?

‘सकारात्मक’ नकोच. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ही नको, कोविडनंतर गावाकडे तो शब्द संसर्गाचा झालाय.

मुळात प्रश्न ‘आहे की नाही’ असा नसून ‘किती’ असा आहे. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन निरोगी पेशींवरही थोडं असतं. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत ते फार वाढतं. रंग देऊन केलेल्या तपासणीत ०, १+, २+, ३+ अशी श्रेणी येते. ३+ म्हणजे वाढलेलं. २+ म्हणजे अनिर्णित. मग जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ तपासणी करतात. म्हणून ‘हर-टू वाढलेलं’ लिहा, आणि शेजारी ‘हर-टू पॉझिटिव्ह’ हे रिपोर्टातले शब्द तसेच ठेवा, म्हणजे बाईंना कागदाशी ताडून पाहता येईल. १+ किंवा फिशमध्ये न वाढलेलं २+ असेल तर ‘हर-टू अल्प’. त्याला ‘नाही’ म्हणणं घातक, कारण पसरलेल्या आजारात अशांसाठीही अमेरिकेत २०२२ पासून औषध मान्य आहे.

‘अँटिबॉडी-ड्रग कॉन्ज्युगेट’साठी माझी पसंती ‘औषधवाही प्रतिपिंड’ला; प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. ‘कॉन्ज्युगेट’ला ‘संयुग्म’ शास्त्रशुद्ध खरं, पण वाचणारा तिथेच अडखळतो. यात प्रतिपिंड, दुवा आणि पेशीमारक औषध असे तीन भाग. प्रतिपिंड हर-टूला चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते आणि औषध आत सुटतं. तेव्हा क्रियापद ‘मारा करतं’ नको, ‘पोचवतं’ हवं.

अशा औषधांची नावं मात्र कधीही छाटू नका. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन दर किलो वजनामागे ३.६ मिलिग्रॅम, सलाइनमधून; ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन ५.४ मिलिग्रॅम, ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून. दोन्ही दर तीन आठवड्यांनी. नुसतं ‘ट्रास्टुझुमॅब’ म्हणजे तिसरंच औषध. पूर्ण नाव न लिहिल्यास मात्रा आणि द्रावण दोन्ही चुकतात.

पत्रकात ‘हे औषध फक्त गाठीवरच काम करतं’ असं असेल, तर त्यातलं ‘फक्त’ही काढा. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकनने फुप्फुसाला सूज येऊ शकते. आपल्याकडे पावसाळ्यात खोकल्याला काढा घेऊन दिवस काढतात, म्हणून ठळक लिहा: नवा कोरडा खोकला, ताप किंवा धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.