आधी 'कधी' ते सांग

पोरी,

रात्री दीडला मेसेज, त्यात अकरा पेपरच्या लिंका अन् शेवटी एक ओळ, "सर, भावाच्या ऑटिझमला नेमका कोणता मॉलिक्यूल जबाबदार?" एमएस्सी झालेल्या पोरीनं हे विचारावं याचा आधी रागच आला. मग तुझी मावशी तुझ्या आईला काय काय बोलली ते खाली वाचलं अन् राग तिकडं वळला.

कोणता नको विचारू. कधी विचार.

विंटचंच घे, पेशी एकमेकींना निरोप देतात त्यातला हा एक सिग्नल. फळमाशीतला विंगलेस जीन अन् उंदराच्या ट्यूमरमधला इंट-1 जीन, दोन्ही एकाच घराण्यातले निघाले म्हणून हे जोडनाव पडलं. भ्रूण बनताना अगदी सुरुवातीला डोक्याच्या बाजूला हा सिग्नल दाबून ठेवावा लागतो, नाहीतर पुढचा मेंदू नीट बनतच नाही. पुढं तोच कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराच्या, मूळपेशींना म्हणतो वाढा, अजून वाढा. 2002 साली चेन अन् वॉल्श यांनी उंदराच्या त्या पेशींत बीटा-कॅटेनिन, म्हणजे विंटचा निरोप पेशीत आत पोचवणारं प्रोटीन, मोडणार नाही असं केलं तर उंदराच्या गुळगुळीत मेंदूला घड्या पडल्या, एवढा तो पसरला. अन् त्याच्याही नंतर हाच गडी सिनॅप्स, म्हणजे मेंदूच्या पेशींचे सांधे, जुळवायच्या कामाला. मग 'विंट वाढला' म्हणजे काय झालं? सीएचडी-8 जीन बिघडलेल्या ऑटिस्टिक लेकरांत डोकं मोठं दिसतं, त्या जीनचं प्रोटीन बीटा-कॅटेनिनला चिकटतं, म्हणजे धागा खोटा नाही. पण कधी? पेरणीनंतरचा पाऊस अन् सोयाबीनच्या गंजीवरचा पाऊस, पाणी एकच असतं ना? वडलांना विचार.

मी एवढा हट्टी का, ते सांगतो. पीएचडीत कोंबडीचे भ्रूण होते माझ्याकडं, त्यांच्यावर औषधाचा परिणाम बघायचो. अंडं इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यापासून वहीत लिहायचो 33 तास, 48 तास. उन्हाळ्यात लोडशेडिंग, दिवसाला सहा-आठ तास लाईट नाही, इन्क्युबेटर गार पडलेला अन् मी तास मोजतोय भिंतीवरच्या घड्याळाचे. 33 तासांच्या अंड्यात दहा सोमाइट, म्हणजे भ्रूणाच्या पाठीला जोडीनं उमटणारे पेशींचे ठोकळे, दिसायला पाहिजेत तिथं पाच-सहाच दिसायचे अन् मी ते औषधाच्या नावावर टाकत गेलो. तीन वर्षं. कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या 46 स्टेज 1951 पासून छापलेल्या आहेत, भ्रूणाकडं बघून स्टेज लिहायला काय जात होतं माझं? आता लाईट काय माझ्या हातात होती का, गाईडनीबी कधी विचारलं नाही, सगळेच तास लिहायचे. पण सोमाइट मोजायला डोळे होते की मला. जाऊ दे.

तर मावशी म्हणते गरोदरपणात तापाची गोळी घेतली म्हणून. तिला तीनच गोष्टी विचार, कोणती गोळी, कितव्या आठवड्यात, किती. सांगता येत नसेल तर गप्प बसायचं. अमेरिकेत एके काळी आईच्या थंड स्वभावानं ऑटिझम होतो असं डॉक्टर लोकच सांगायचे, मावशीचं काय घेऊन बसलीस.

औषधाचा संबंध कधीच नसतो असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये आईनं गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधानं व्यंग आलेल्या 100 जणांना तपासलं, त्यात चार ऑटिस्टिक निघाले, अन् त्यांच्या कानाची वगैरे ठेवण बघून औषध गर्भाच्या 20 ते 24 व्या दिवसाच्या सुमाराचं ठरलं. बघ, तारीख निघाली म्हणून त्याला अर्थ आला. फिटच्या व्हॅल्प्रोएट गोळीचंबी तसंच, डेन्मार्कच्या 2013 च्या पाहणीत गरोदरपणी ती घेतलेल्या आयांच्या लेकरांत ऑटिझमचा धोका 4.42 टक्के, एकूण लेकरांत 1.53. म्हणजे घेतली तरी शंभरात पंच्याण्णव सुटले. (हे वाचून कुणी मनानं गोळी बंद करायची नाही, फिट आली तर आई अन् पोट दोन्ही धोक्यात. डॉक्टरला विचारायचं.)

अन् ते 'विंट सिग्नलिंग अँड ऑटिझम' हे पीएचडीचं टायटल खोडून टाक. कोणत्या स्टेजला, कोणत्या पेशीत, ते नावातच पाहिजे. तुझा भाऊ आज पाच वर्षांचा आहे, त्याला हे पेपर काही कामाचे नाहीत, त्याला स्पीच थेरपी अन् रात्री दीडला झोपलेली बहीण लागते. थेरपीच्या दिवशी लॅबचा बहाणा करून खाडा केलास तर मला सांगू नको.

मंगळवारी ये. हॅचरीतून डझनभर फलित अंडी आणवलीत, सोमवारी सकाळी सातला ठेवतो, घरी आता इन्व्हर्टर आहे. तरी तास लिहायचे नाहीत. सोमाइट मोजायचे.