आबांची पिशवी

राम कृष्ण हरी.

पत्र मिळालं. वर्षश्राद्धाला आबांच्या फोटोचा मोठा फलक लावायचा आणि त्यांचा पखवाज मंदिरात काचेच्या कपाटात ठेवायचा, असं मंडळात चाललंय म्हणतोस. फलकाचं तुमचं तुम्ही बघा. पखवाज मात्र कपाटात घालू देऊ नकोस. बंद काचेत पावसाळ्यात ओल कोंडते, पुडीवर, म्हणजे तोंडाच्या कातड्यावर, बुरशी चढते, कातड्याला कीड लागते. मागेल त्याच्या गळ्यात आपलं वाद्य अडकवणाऱ्या माणसाची आठवण कुलपात कशाला?

जपायची तर त्यांची खाकी पिशवी जप. दिंडीत पखवाज कुणाचाही बिघडो, पोरं तिच्याकडेच धावायची. आत काय असतं ते तुला ठाऊक आहे: डब्यात कोरडं गव्हाचं पीठ, पाण्याची बाटली, हातोडी, पुडी ताणून धरणाऱ्या चामडी वादीचा तुकडा, धोतराची दोन फडकी आणि एक पातळ लाकडी पट्टी. नट-बोल्टचे पखवाज आल्यावर पानाही आला. ही पिशवी भरलेली ठेवायची आणि रोज कुणीतरी खांद्याला लावायची. रोज म्हणजे एकादशीलाही.

डाव्या पुडीवर कणीक थापल्याशिवाय आवाज खोल येत नाही, त्यासाठी हे पीठ. ते कोरडंच का? स्वयंपाकघरातली कणीक मागून आणली की तिच्यात मीठ आणि तेल आलंच. मिठाने कातडं ओल ओढतं, तेलाने कणीक धरत नाही, ऐन पावलीत, टाळकरी नाचत असताना, गळून पडते. म्हणून नुसतं पीठ आणि पाणी. दोन पोळ्यांची होईल एवढी कणीक पुरते. पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजव, पण बोटाला चिकटून राहील इतकी नको. डाव्या पुडीचा मधला भाग ओल्या बोटांनी पुसून घे, गोळा मधोमध ठेव आणि तळव्याने कडेकडे पसरव. मध्ये जाड, कडेला पातळ. थाप मारून बघ. आवाज टणक आला तर चिमूटभर कणीक वाढव, फार बसका आला तर काढ. घाईत सगळा गोळा एकदम थापला की धूम, म्हणजे ही डावी बाजू, मुकी होते, आणि मग पोरं उजवीकडे ठोकत बसतात. दोष डावीकडे असतो.

भजन संपलं की कणीक लगेच काढायची. आबा पखवाज फुकट द्यायचे, पण हा एक नियम कडक होता. वाळलेली कणीक आक्रसते आणि कातड्याची वरची साल ओढून काढते. रात्री उंदीर येतात ते वेगळंच. आधी लाकडी पट्टीने उचल, मग ओलसर फडक्याने पुस, मग सावलीत वाळव. चाकू नको, नाणंही नको.

उजवी बाजू पेटीच्या सुरात लावताना हातोडी गजऱ्यावरच, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवरच, पडली पाहिजे. मधल्या काळ्या शाईला धक्का लागला की तिला तडा जातो, आवाज चिरका येतो, आणि मग पुडी कारागिराकडेच न्यावी लागते. गजऱ्यावर वादीच्या वेढ्यांमधली घरं सोळा. एकाला लावलं की लगेच समोरच्याला लाव. एकाच अंगाने ओढत गेलास तर पुडी तिरपी बसते आणि सूर प्रत्येक घरात वेगळा येतो. फरक मोठा असेल तरच वादीखालच्या आठ लाकडी गट्ठ्यांना हात लाव, तोही थोडा थोडा. आषाढात, वाटेवर, पावसाने पुडी ढिली पडते. तेव्हा लगेच ठोकून चढवू नकोस. आधी फडक्याने कोरडी कर, वारा लागू दे. ओल गेली की निम्मा सूर आपोआप चढतो. ओल्या पुडीला ताण दिलास आणि दुपारी ऊन पडलं, तर ती फाटलीच म्हणून समज. प्लास्टिकची खोळ पाऊस चालू असेतोवरच. मुक्कामाला काढून टाक.

आता पखवाज कुणाला द्यायचा, हे विचारलंस. सगळ्यांना. नवशिक्याला सप्ताहातल्या कीर्तनाला उभं केलंस तर तो बिचारा घाबरेल आणि टाळकरीही चिडतील. त्याला काकड्याला, पहाटेच्या भजनाला, बसव. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे गर्दी कमी, लय संथ, भजनी ठेका आठ मात्रांचा. चुकला तरी विणेकरी सावरून घेतो. आबा शेजारी टाळ घेऊन बसायचे आणि पोराच्या हाताकडे चुकूनही बघायचे नाहीत. तू तेवढं जमव.

पिशवीत एक वही घाल. पखवाज कोणी नेला, कधी आणला, पुडीवर शाई कधी भरली, कोणत्या पेटीला लावला होता, एवढंच. पैशांचा रकाना आखू नकोस.

कोजागरी जवळ आली आहे. त्याआधी पखवाज खुंटीवरून काढ, डाव्या पुडीवर तळवा ठेव. खरखरीत लागलं तर शेवटच्या भजनाची कणीक तशीच राहिलेली आहे. ओलसर फडकं दहा मिनिटं वर ठेव, मऊ होऊ दे, मग पट्टी लाव.