वाचकांचे प्रश्न : धंदा चालतो, मालक दमतो

प्रश्न : कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ माझं चपलांचं दुकान आहे, शिवाय ऑनलाइन ऑर्डरी असतात. गेल्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि कामाची सुरुवात हातात न राहण्याच्या स्थितीचं, निदान झालं. एखाद्या रात्री दोनपर्यंत चपलांचे फोटो काढत बसतो, मग तीन दिवस साधं कोटेशन पाठवायला हात उचलत नाही. जीएसटीची तारीख हुकते. टाइमटेबल दोन दिवस टिकतं. घरचे म्हणतात, आळस आहे.

उत्तर : आळशी माणूस रात्री दोनपर्यंत फोटो काढत बसत नाही, एवढं घरच्यांना सांगा. आणि टाइमटेबल सोडून द्या. दिवसाचा प्रत्येक तास सारखाच, असं ते धरून चालतं. एडीएचडीत काम नुसतं महत्त्वाचं आहे म्हणून सुरू होत नाही. त्यात गोडी, नावीन्य किंवा गळ्याशी आलेली घाई लागते. फोटोत गोडी आहे, कोटेशनमध्ये नाही.

आधी आठवडाभर बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर दर दोन तासांनी अंगात किती बळ आहे त्याचा ० (पार गळालो) ते ३ (ताजातवाना) असा आकडा टाका, शेजारी दोन शब्द : आत्ता काय झालं. मोबाइलमध्ये नको, मोबाइल उघडला की तुम्ही गेलातच. बहुतेक वेळा असं दिसतं, की कामाच्या तासांपेक्षा मधल्या खंडांनी जास्त दमवलेलं असतं. दहा मिनिटांत आठ नंबर मागणारं गिऱ्हाईक, कुरिअरवाला, चामडं संपल्याचा कारागिराचा फोन, वर पैसे आल्याचं ओरडणारा साउंडबॉक्स. हातातलं काम कुठं सोडलं होतं ते डोक्यात राहत नाही, म्हणून दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. उठण्याआधी चिठ्ठीवर अर्धं वाक्य लिहायचं : ‘गोव्याचं कोटेशन, दर टाकायचा राहिला.’ साउंडबॉक्सचा आवाज कमी करा.

कोटेशन शटर अर्धं वर असतानाच, पहिल्या ४० मिनिटांत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्याचा मजकूर क्विक रिप्लाय म्हणून साठवा. भरायच्या जागा तीनच : माप, जोड, दर. फोटोंसाठी मोबाइलचा अलार्म लावू नका, तो अंगठ्यानं बंद होतो. दिव्यांची पिन टायमरच्या सॉकेटमध्ये लावा, रात्री दहाला दिवे आपोआप बंद. आणि जेवूनच बसा; एकदा तंद्री लागली की भूक आणि थकवा दोन्ही कळत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी वसूल होतात.

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, याची तारीख पुढच्या महिन्याची ११; ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, याची २०. उशिराला दिवसाला ५० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सोय आहे, पण पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. तारखा कमी होतात खऱ्या, पण तीन महिन्यांची बिलं पिशवीत साठली तर तुमच्यासारख्याची कोंडी जास्त होते. दर आठवड्याला बिलं देणार असाल तरच हे घ्या. अकाउंटंटकडून आठवणीचे मेसेज नकोत. ५ तारखेला अर्धा तास त्यांच्याच टेबलाशी बसायचं ठरवा. शेजारी माणूस असला की नावडतं काम सुटतं.

एडीएचडीसाठी औषध घेत असाल आणि ते मिथाइलफेनिडेट असेल तर साध्या गोळीचा असर साधारण तीन-चार तास राहतो. सकाळी आठला घेतली तर दुपारचं गळून जाणं त्यामुळंही असू शकेल. पुठ्ठ्यावरचे आकडे डॉक्टरांना दाखवा. डोस स्वतः बदलू नका.

प्रश्न : मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. घरून कांदा-लसूण मसाला विकते. प्रदर्शनात स्टॉल लावला की नंतर दोन दिवस बोलवत नाही, उजेडही सोसत नाही. स्टॉल बंद करू का?

उत्तर : आधी हिशेब करा. तीन दिवसांच्या प्रदर्शनानंतर दोन दिवस जाणार असतील तर नफ्याला पाचानं भागा. आमच्या मते बरेच स्टॉल इथंच गळतात.

जे उरतील, त्यांचं बुकिंग करतानाच पुढचे दिवस कॅलेंडरवर बंद करा. दमल्यावर सुट्टी मागायला शब्दच उरत नाहीत. जागा कोपऱ्यातली घ्या, पाठ भिंतीला, स्पीकरपासून लांब. स्पीकर कुठं लागणार ते आयोजकांना आधी विचारा. तिखटपणा, वजन, दर, किती टिकतो, हे मोठ्या अक्षरात फलकावर लिहा. दिवसभर हसतमुखानं तीच उत्तरं देणं, म्हणजे मुखवटा सांभाळणं, यातच निम्मं बळ जातं. बोलायला दुसरं कुणी ठेवा, तुम्ही वजन आणि पॅकिंग बघा. दर दीड तासानं १५ मिनिटं बाहेर.

कांडपाला फोमचे इअरप्लग चालतात; स्टॉलवर नकोत, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येणार नाही. कांडपात सकाळचा पहिला नंबर मागा. ठसकाही कमी, आणि दुसऱ्याचा मसालाही मिसळत नाही.

विश्रांतीनंतरही आठवडे उलटले, आणि एरवी जमणारा स्वयंपाक किंवा बोलणंही सुटलं, तर नव्या ऑर्डरी थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ऑटिझम आहे हे सुरुवातीलाच सांगा. नैराश्यात दिला जाणारा ‘लोकांत मिसळा’ हा सल्ला अशा थकव्यात उलटा पडू शकतो.

प्रश्न : उद्यमनगरात माझं मशिन शॉप आहे. कामगारांना एडीएचडीबद्दल सांगावं का?

उत्तर : निदान सांगायलाच हवं असं नाही, पद्धत मात्र सांगा. ‘११ ते १२ मला हाक मारायची नाही. मशिन बंद पडलं, कुणाला लागलं किंवा पार्टी दारात आली, तरच.’ ही तीन कारणं केबिनच्या दारावर चिकटवा, नाहीतर ‘महत्त्वाचं असेल तरच’ म्हटल्यावर सगळंच महत्त्वाचं ठरतं.